वागादूचा बिदा : एका कथाखेळाच्या प्रकल्प नोंदी

९ फेब्रुवारी

नव्या कथाखेळाचं काम आजपासून. पाच खेळाडू, एक सूत्रधार, एका संध्याकाळी संपेल एवढा डाव. कल्पना एका ओळीची: कालप्रवासी जुन्या आफ्रिकेत जातात आणि तिथल्या दंतकथेतल्या प्राण्यासमोर उभे राहतात.

सकाळी पहिलं पान लिहिलं आणि दुपारी फाडलं. सुरुवातच 'घनदाट अरण्यात ढोल वाजत होते' अशी झाली होती. हे वाक्य लहानपणी वाचलेल्या चित्रकथांतून आलं. तिथे आफ्रिका म्हणजे अरण्य, भाले, मोठी कढई आणि तिच्यात बांधून बसवलेला गोरा साहेब. त्या चित्रकथा मला फार आवडायच्या, म्हणूनच ते चित्र इतकं खोल बसलंय. खेळायला येतील त्यांच्याही डोक्यात बहुधा तेच असेल. म्हणून पहिला नियम मी स्वतःलाच घातला: 'आफ्रिका' हा शब्द खेळात कुठेही ठिकाणाचं नाव म्हणून येणार नाही. गाव, विहीर, वाट, राजा, प्रत्येकाला त्याचं नाव.

ठिकाण ठरलं, वागादू. सोनिंके लोकांचं राज्य. अरब लेखकांनी त्याला घाना म्हटलं. ते खरं तर तिथल्या राजाचं बिरुद होतं. आजचा घाना देश वेगळ्या जागी आहे, १९५७ साली स्वतंत्र होताना त्याने हे जुनं नाव अभिमानाने घेतलं. वागादू तिथून वायव्येला खूप दूर, आजच्या मॉरिटेनियाचा आग्नेय कोपरा आणि त्याला लागून असलेला मालीचा भाग. तिथे अरण्य कुठलं? तो साहेल. हा अरबी शब्द, अर्थ किनारा. सहाराच्या वाळूचा दक्षिण किनारा. बाभळी, गवत, पावसाचे तीन-चार महिने आणि बाकीचं वर्ष कोरडं.

प्राणी: बिदा.

१२ फेब्रुवारी

नियम करण्याआधी कथा सलग लिहून काढते, म्हणजे पुढे मी तिच्यात काय ढवळाढवळ केली ते मला दिसेल.

दिंगा नावाचा पूर्वज पूर्वेकडून आला. म्हातारपणी तो आंधळा झाला, आणि धाकट्या मुलाने आपणच थोरला असल्याची बतावणी करून त्याचा आशीर्वाद मिळवला. हा मुलगा जाबे सिसे. एक गिधाड आणि एक तरस यांनी दाखवलेल्या वाटेने तो कुंबीच्या, म्हणजे पुढच्या राजधानीच्या, जागी पोचला. तिथे विहिरीत एक प्रचंड सर्प राहत होता, बिदा. दोघांत करार झाला. दरवर्षी राज्यातली सगळ्यात सुंदर कुमारिका नवरीसारखी सजवून विहिरीपाशी आणायची. बदल्यात बिदा पाऊस देईल आणि सोनं देईल. पिढ्यान्‌पिढ्या हे चाललं. मग एका वर्षी सिया याताबारे हिची पाळी आली. तिचा वाग्दत्त वर मामादी. लोक त्याला सेफे देखोते म्हणत, म्हणजे कमी बोलणारा. त्याने तलवारीला धार लावली आणि विहिरीपाशी दबा धरून बसला. एका कथनात बिदा तीनदा डोकं वर काढतो आणि तिसऱ्यांदा वार होतो. दुसऱ्या एका कथनात डोकी सात आहेत. शेवटचं शिर तुटून उडालं आणि दक्षिणेला बूरेच्या मुलखात जाऊन पडलं. जाताना शाप देऊन गेलं: सात वर्षं, सात महिने, सात दिवस वागादूवर पाऊस पडणार नाही, सोनं मिळणार नाही. दुष्काळ पडला आणि सोनिंके लोक चारी दिशांना पांगले.

ही कथा गेसेरे सांगत आले. वंशावळी आणि कथा मुखोद्गत ठेवणारी ही पिढीजात माणसं. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला फ्रेंच अधिकाऱ्यांनी काही कथनं कागदावर उतरवली. कथनागणिक तपशील बदलतो. मला सगळ्यात जास्त अडवणारा तपशील असा: काही कथनांत बिदा हा दिंगाचाच मुलगा आहे. म्हणजे जाबेने ज्याच्याशी करार केला तो त्याचा भाऊ.

हे कळल्यावर 'राक्षस' हा शब्द टाचणातून काढून टाकला.

१६ फेब्रुवारी

प्रवासी कुठल्या वर्षी उतरणार? कथेला साल नाही आणि यंत्राच्या तबकडीवर साल लागतं.

१०६८ घेतलं. त्या वर्षी अल-बक्री हा अरब भूगोलकार स्पेनमधल्या कोर्दोबात बसून वागादूबद्दल लिहीत होता. सहारा त्याने स्वतः कधी ओलांडला नाही. व्यापाऱ्यांकडून ऐकून आणि जुनं वाचून त्याने सगळं जमवलं. तरी त्याच्याइतका भरगच्च तपशील दुसरीकडे मिळत नाही. राजा तुंका मानिन, गादीवर आला १०६३ साली. मामाकडून भाच्याकडे गादी जायची, कारण बहिणीचा मुलगा कुणाच्या पोटचा याबद्दल शंका नसते. आधीचा राजा बासी वयाच्या ८५ व्या वर्षी गादीवर आला. शेवटी त्याची दृष्टी गेली तेव्हा ते प्रजेपासून लपवलं होतं. समोर आणलेल्या वस्तूला चांगलं म्हणायचं की वाईट, हे मंत्री त्याला गूढ शब्दांत सुचवायचे. कथेत आंधळा दिंगा, इतिहासात आंधळा बासी. दोघांचा एकमेकांशी संबंध लावायचा मोह होतो. लावत नाही, पण दोन्ही खेळात ठेवते.

राजधानी म्हणजे दोन गावं. एक मुसलमान व्यापाऱ्यांचं, बारा मशिदींचं, गोड्या पाण्याच्या विहिरींभोवती भाजीपाला पिकवणारं. दुसरं राजाचं, सहा मैलांवर. मध्ये सलग वस्ती, घरं दगडाची आणि बाभळीच्या लाकडाची. राजाच्या गावाचं अरबी नाव अल-घाबा, म्हणजे राई. त्या गावाभोवती झाडी होती, तिच्यात धर्मकृत्यं करणारे राहायचे, मूर्ती असायच्या, मेलेल्या राजांच्या समाध्या असायच्या. पहारा कडक, बाहेरच्याला आत पाऊल टाकता येत नसे.

इथे मी थांबले, कारण याला मराठीत नेमका शब्द आहे: देवराई. एरवी मी दूरच्या गोष्टीला जवळचं नाव द्यायला घाबरते. इथे शब्द आणि वस्तू एकमेकांवर बरोबर बसतात. पहिल्या प्रवेशाचं नाव 'देवराईच्या कडेला'.

२३ फेब्रुवारी

शब्दांचा दिवस.

'नाग' म्हटलं की आपल्याकडे फणा आला, पंचमी आली, लाह्या-दूध आलं. 'अजगर' म्हटलं की नुसतं जनावर उरतं. म्हणून फक्त बिदा. वाक्यात गरज पडली तर सर्प.

अल-बक्रीने आणखी एका सर्पाचं वर्णन केलंय: आयाळ आहे, शेपटी आहे, डोकं दोन मदारींच्या उंटासारखं, वाळवंटातल्या गुहेत राहतो आणि राजा मेला की जमलेल्या उमेदवारांना हुंगून एकाला नाकाने ढोसतो, तोच नवा राजा. चित्रकाराला हे द्यावंसं फार वाटलं. पण हा सर्प जाफकू नावाच्या लोकांचा, वागादूचा नव्हे. एकाचा सर्प उचलून दुसऱ्याच्या विहिरीत सोडणं म्हणजे पुन्हा तीच चित्रकथा. आयाळ रद्द.

'चेटक्या' रद्द, 'टोळी' रद्द. 'दरबार' ठेवला, कारण वर्णन दरबाराचंच आहे: राजामागे सोन्याने मढवलेल्या ढाली-तलवारी घेतलेले दहा सेवक, दाराशी सोन्या-चांदीचे पट्टे घातलेले कुत्रे, सभा भरल्याची वर्दी द्यायला पोकळ ओंडक्याचा लांब ढोल. तर ढोल परत आला. यावेळी त्याला काम आहे.

८ मार्च

पहिला चाचणी डाव, आमच्या जेवणाच्या टेबलावर. खेळाडू: धाकटे दीर, माझी भाची (अकरावीत), शेजारचे निवृत्त इतिहासशिक्षक, विहिरींची पाणीपातळी मोजायचं काम करणारी माझी मैत्रीण, आणि तिचा नवरा.

चाळीस मिनिटांत संपला.

प्रवाशांच्या सामानात मी भोळेपणाने इशाऱ्याचं पिस्तूल ठेवलं होतं, वाळवंटात चुकले तर उपयोगी पडेल म्हणून. बिदाने पहिल्यांदा डोकं काढताच दिरांनी ते विहिरीत झाडलं. शिर उडालं, सिया वाचली, टाळ्या झाल्या. मी शाप वाचून दाखवेपर्यंत चौघांनी यंत्राचं बटण दाबलं होतं. मैत्रिणीचा नवरा सामान गोळा करता करता म्हणाला, "सात वर्षं पाऊस नाही म्हणजे फार वाईट. चला, भूक लागली."

मला रात्री झोप लागली नाही. त्यांचं काही चुकलं नव्हतं. मी दिलेल्या खेळात ते बरोबर खेळले होते.

९ मार्च

घोळ पिस्तुलाचा नव्हता. ते काढलं तरी कुणीतरी तलवार उचलेल. घोळ बटणाचा आहे. कालप्रवासी हा असा माणूस की ज्याला आपण केलेल्या गोष्टीच्या दुसऱ्या दिवशी तिथे राहावं लागत नाही. त्याला शूर व्हायची काहीच किंमत पडत नाही. मामादीला पडली, कारण शापानंतर तो वागादूतच होता आणि सगळं गाव त्याच्या मागे लागलं होतं.

तेव्हा नियम बदलला. यंत्र नाही, दार आहे, कुंबीच्या बाहेर बाभळीखाली. विधी पार पडला, मुलगी दिली गेली, तर त्याच रात्री दार उघडतं. बिदाचं रक्त सांडलं तर दार बंद होतं आणि सात वर्षं, सात महिने, सात दिवसांनी एकदाच उघडतं.

म्हणजे सियाला मरू दिलं तर प्रवासी घरी. वाचवलं तर दुष्काळ सगळ्यांचा, त्यांचाही.

नियम लिहून झाल्यावर वही मिटून बराच वेळ बसले. मुलीच्या जिवावर घरी जायचं हे इतकं उघड लिहावं का? लिहावंच लागेल. करार असाच होता: दरवर्षी अख्खं गाव त्या मुलीच्या जिवावर घरी जात होतं.

१९ मार्च

फाशांऐवजी कवड्या. सात.

नुसती शोभा म्हणून नाही. अल-बक्री त्याच मुलखातल्या एका बाजारात काय खपतं ते सांगताना मीठ आणि तांब्याबरोबर कवड्या मोजतो. त्या कवड्या मालदीवच्या. तिथल्या उथळ पाण्यातून निघून अरब व्यापाऱ्यांच्या हातून भूमध्य समुद्रापर्यंत आणि पुढे उंटावरून सहारा ओलांडून त्या जात. त्याच बेटांच्या कवड्या आपल्याकडेही येत. आईच्या पेटीत सारीपाटाच्या कवड्या होत्या, त्याच काढल्या. या एवढ्याशा शंखाने दोन्हीकडचे प्रवास केले आहेत, तो हातात धरून खेळताना वागादू फार परकं राहणार नाही.

मोजणी सोपी: उताणी पडली तर साथ, पालथी पडली तर नाही. दुपारभर फेकत बसले. कवडी नाण्यासारखी समान पडत नाही, आणि प्रत्येक कवडीचं वळण वेगळं. म्हणून एकच संच सगळ्यांनी फिरवून वापरायचा, कुणाला चांगल्या कवड्या आणि कुणाला वाईट असं नको.

३० मार्च

दुसरा चाचणी डाव. चार प्रवासी, आणि भाचीला सियाची भूमिका दिली. पिस्तूल काढलं. दाराचा नियम खेळाडूंना आधी सांगितला नव्हता. चूक झाली, शेवटी सगळ्यांना फसवल्यासारखं वाटलं. यापुढे पहिल्या प्रवेशातच सांगायचा.

इतिहासाच्या सरांनी सरळ विहिरीपाशी जाऊन बोलणी सुरू केली. मुलीऐवजी गुरं घे. दुप्पट घे. मीठ घे. मी बिदासाठी एकच वाक्य लिहून ठेवलं होतं, तेच प्रत्येक वेळी म्हटलं: "मी घरातलाच आहे." सर तिसऱ्यांदा ऐकल्यावर गप्प झाले आणि म्हणाले, "म्हणजे याच्याशी बोलून उपयोग नाही. शब्द जाबेच्या वंशाने दिलाय. राजाकडे चला." ते दरबारात गेले. ढोल, दुभाषे (राजाचे दुभाषे, खजिनदार आणि बहुतेक मंत्री मुसलमान होते, असं अल-बक्री लिहितो), गुडघ्यांवर बसून डोक्यावर धूळ घेणारी प्रजा आणि फक्त टाळी वाजवून अभिवादन करणारे मुसलमान व्यापारी. आपण धूळ घ्यायची की टाळी वाजवायची यावर चौघांचं दहा मिनिटं भांडण झालं. हा प्रवेश आपोआप उत्तम झाला, मी काही केलं नाही.

मोठी गोष्ट भाचीने केली. सियाला घरात बसवून ठेवलं होतं, नवरीचे कपडे, हातावर रंग. बाकीचे दरबारात. ती मला म्हणाली, "मावशी, गेल्या वर्षी कोण गेली होती? तिचं घर कुठंय? मला तिच्या आईला भेटायचंय."

माझ्याकडे ते घर नव्हतं. सात पानं फक्त राजाच्या दरबारावर होती. मी डाव तिथेच थांबवला.

जाता जाता तिने विचारलं की बिदा म्हणजे बिदाई ना, मुलीची पाठवणी. नुसता योगायोग आहे, सोनिंके नावाचा हिंदीशी काही संबंध नाही. सांगितलं. पण तिने विचारल्यापासून मला ते नाव नुसतं ऐकता येत नाही.

४ एप्रिल

गेल्या वर्षीच्या मुलीचं घर लिहिलं. चार दिवस लागले, प्रवेश दीड पानाचा.

सोन्याबद्दल अल-बक्री एक नियम नोंदवतो: खाणीत सापडलेलं ढेकूळ राजाचं, धूळ लोकांची. सगळी ढेकळं लोकांच्या हाती गेली तर सोन्याचा भावच उरणार नाही, म्हणून. कथेत सोनं आभाळातून पडतं, इतिहासात ते दक्षिणेकडून बांबूकच्या खाणींतून यायचं. वागादू त्या व्यापाराच्या तोंडाशी बसून कर घ्यायचं. मिठाचं गाढव आत आलं की एक दिनार, बाहेर गेलं की दोन. मी कथेचं आभाळ आणि इतिहासाचा कायदा एका अंगणात आणले.

मुलगी दिल्यानंतरच्या सकाळी सोनं सगळीकडे पडतं, तसं त्या घराच्या अंगणातही पडलं. आई उठून केरसुणीने अंगण झाडते. ढेकळं वेगळी करून फडक्यात बांधते, ती राजाच्या माणसाला द्यायची आहेत. धूळ तिची. ती धूळ पाण्याने धुऊन, निथळून, पिसाच्या नळीत भरते. वर्षभर ती नळी तिने उघडलेली नाही. सिया दारात येते तेव्हा ती नळी तिच्या हातात देते आणि म्हणते, "ही घेऊन जा. त्याला परत दे."

प्रवेशात एवढंच. सूत्रधाराने पुढे काही बोलायचं नाही, अशी समासात सूचना लिहिली. आईला नाव दिलं नाही. त्या सगळ्या मुलींपैकी एका सियाचंच नाव आपल्यापर्यंत आलंय, आणि एखादं बनवून घालणं मला जमेना.

१३ एप्रिल

दुष्काळाचा भाग. मैत्रीण दिवसभर बसली होती. मी कागदावर 'विहीर आटते' असं लिहिलं होतं, तिने ते खोडायला लावलं.

"विहीर एकदम कधीच आटत नाही," ती म्हणाली. "आधी दोर अपुरा पडतो. लोक दोराला दोर बांधतात. मग पोहरा गाळ घेऊन वर यायला लागतो. मग बायका थांबतात, झरा भरेपर्यंत. आधी पहाटे थांबतात, मग मध्यरात्री यायला लागतात, कारण पहाटे नंबर लागत नाही. भांडणं सुरू होतात ती पाण्यावरून नसतात, नंबरावरून असतात. गाव सोडायचं ठरतं ते शेवटी. आणि पहिल्यांदा कोण जातं माहितेय? ज्याची गुरं जास्त आहेत तो."

हे सगळं जसंच्या तसं घेतलं. सुताराच्या दुकानातून जाड सुती दोर आणला. टेबलाच्या मधोमध ठेवायचा. दरवर्षीच्या फेरीला त्याला एक तुकडा गाठ मारून जोडायचा. सातव्या वर्षी दोर टेबलावरून खाली लोंबतो. आकडे लिहिलेल्या तक्त्यापेक्षा हे फार चांगलं चालतं. गाठ मारणारा माणूस गाठ मारताना बोलत नाही, हे तीनदा पाहिलं.

प्रत्येक खेळाडूला एक घर: गेल्या वर्षीच्या मुलीच्या आईचं, गेसेरेचं, राजाच्या घोड्यांची निगा राखणाऱ्याचं, सुती कापड विणणाऱ्याचं, मिठाच्या व्यापाऱ्याचं. दर फेरीत सात कवड्या. चारपेक्षा कमी उताण्या पडल्या तर तीनपैकी एक निवडायचं: जनावर विकायचं, घरातलं माणूस दक्षिणेला पाठवायचं, किंवा बियाणं खायचं.

बियाणं कशाचं? बाजरीचं. हे लिहिताना अंगावर काटा आला. माणसाने बाजरी शेतात आणली ती साहेलमध्येच. सर्वांत जुने पुरावे मालीतले, साडेचार हजार वर्षांपूर्वीचे. मॉरिटेनियाच्या आग्नेयेला धार तिशितच्या दगडी गावांतले लोकही बाजरी पिकवायचे, आणि अनेक पुरातत्त्वज्ञ त्या गावांकडे सोनिंकेंच्या पूर्वजांची म्हणून पाहतात. तिथून ती आपल्याकडे आली. ज्वारीही आफ्रिकेचीच. पुढच्या डावाला जेवायला बाजरीची भाकरी करणार आहे, आणि ती का केली ते दुष्काळाच्या चौथ्या फेरीपर्यंत सांगणार नाही.

२६ एप्रिल

नकाशा पूर्ण. कुंबी वर, नायजर नदीचा वरचा भाग खाली, बूरे आजच्या गिनीत. शिर तिथे जाऊन पडलं असं कथा म्हणते, आणि सोन्याचं केंद्रही खरोखर बूरेकडे सरकलं. पुढे मालीचं साम्राज्य उभं राहिलं ते त्याच सोन्यावर. गेसेरेंनी व्यापाराचा सरकलेला रस्ता एका उडणाऱ्या शिरात लक्षात ठेवला, असं मला वाटतं. नकाशावर कुंबी ते बूरे एक ठिपक्यांची रेघ, आणि तिला नाव नाही.

३ मे

सरांनी विचारलं की १०७६ साली अल-मुराबितांनी, म्हणजे सहारातल्या बर्बर राजवटीने, स्वारी करून घाना जिंकलं, ते खेळात का नाही. मीही शाळेच्या वयात असंच वाचलं होतं. पण डेव्हिड कॉनरॅड आणि हम्फ्री फिशर या इतिहासकारांनी १९८२ साली ते पुरावे एकेक तपासले आणि अशी सरळ स्वारी झाल्याचं त्यातून सिद्ध होत नाही असं दाखवलं. तेव्हापासून तो मुद्दा वादातला आहे. मी स्वारी घेत नाही. बाहेरून आलेल्या सैन्याने सगळं उद्ध्वस्त केलं असं आलं की विहिरीकडे कुणी पाहत नाही.

सरांना पटलं, असं नाही. पण त्यांनी खेळासाठी कुंबी सालेहच्या अवशेषांवर छान टाचण लिहून आणलं: १९१४ साली बॉनेल द मेझिएर हा फ्रेंच शोधक तिथे पोचला, नंतरच्या उत्खननांत दगडी घरं आणि मोठी मशीद निघाली, व्यापाऱ्यांचं गाव ते हेच असं बहुतेक मानतात. राजाचं गाव, ती देवराई, अजून खात्रीने सापडलेली नाही. टाचण जसंच्या तसं सूत्रधाराच्या पुस्तिकेत.

१८ मे

तिसरा चाचणी डाव. साडेपाच तास. कुणी घड्याळ पाहिलं नाही.

नियम सगळ्यांना आधीच माहीत होता: विधी झाला तर आज रात्री घर, नाही झाला तर सात वर्षं. दिरांनी सुरुवातीलाच सांगितलं की ते विधी होऊ देणार आहेत. "आपण इथले नाही. आपल्याला काय हक्क?" मैत्रिणीचा नवरा चिडला. दोघांचं खरंखुरं वाजलं, खेळाबाहेर. मी मध्ये पडले नाही. दोघंही बरोबर होते, आणि मला तिथे बसून त्यांचं ऐकायचं होतं.

सिया गेल्या वर्षीच्या आईकडे गेली. नळी घेतली. दरबारात तुंका मानिनसमोर तिने ती ठेवली आणि प्रवाशांनी दुभाष्याकरवी करार मोडायची विनंती केली. कवड्या फेकल्या: दोन उताण्या. राजाने ऐकून घेतलं आणि नळी परत दिली.

विहीर. बिदा एकदा वर आला. दुसऱ्यांदा वर आला. सियाने काठावर बसून नळी उघडली आणि सोन्याची धूळ पाण्यात ओतली. हे तिने मला आधी सांगितलं नव्हतं. मी वाक्य म्हटलं, "मी घरातलाच आहे." ती म्हणाली, "मग मीही."

याला माझ्याकडे उत्तर लिहिलेलं नव्हतं. सुचलंही नाही. बिदा तिसऱ्यांदा वर आला आणि मामादीची तलवार पडली. मामादीला आवरायची संधी दिरांना होती, त्यांच्या हातात कवड्या होत्या. त्यांनी त्या टेबलावर तशाच ठेवून दिल्या.

मग दोर. पहिलं वर्ष, दुसरं. घोड्यांचं घर आधी रिकामं झालं. तिसऱ्या वर्षी मीठवाल्याने गाढवं विकली. चौथ्या वर्षी मैत्रिणीने बियाणं खाल्लं; मी भाकरी वाढली आणि बाजरीचं सांगितलं. ती ताटाकडे पाहत राहिली, मग हळूच अर्धी भाकरी मोडून सरांच्या ताटात ठेवली. त्यांच्या घरात त्या फेरीला काहीच उरलं नव्हतं. असा नियम पुस्तिकेत नाही. आता घालते.

पाचव्या वर्षी आईचं घर आणि विणकराचं घर एकत्र निघालं, दक्षिणेला. सहाव्या वर्षी प्रवासीही त्यांच्यासोबत होते. मी दोनदा आठवण करून दिली की दार कुंबीला आहे. दीर म्हणाले, "माहितेय." सातव्या वर्षी सगळे बूरेत होते, नदीकाठी, वाळू धुऊन धूळ वेगळी करत. आईने भाचीला धूळ कशी निथळायची ते शिकवलं, म्हणजे मैत्रिणीने, टेबलावर, ताटलीत पाणी घेऊन.

सात वर्षं, सात महिने, सात दिवस झाले. नियमाप्रमाणे मी वाचलं: कुंबीबाहेर, बाभळीखाली, दार उघडलं. सूर्य मावळेपर्यंत उघडं राहिलं. तिथे कुणी नव्हतं.

दोर टेबलावरून खाली जमिनीला टेकला होता. भाचीने तो गुंडाळायला घेतला, एकेक गाठ सोडवत.

१९ मे

बदल: भाकरी वाटून घेण्याचा नियम. सियाच्या "मग मीही" ला बिदाचं उत्तर लिहायचं नाही, ती जागा कोरी. दोर थोडा आखूड, सहाव्या गाठीलाच टेकतो. पुढच्या आठवड्यात कवड्यांच्या थैल्या शिवायच्या, पंचवीस संच. एका संचात सहाच निघाल्या, त्या पुन्हा मोजायच्या.